चाखणं म्हणजे खाणं नव्हे

ताईचं वजन पाच महिने अठ्ठ्याहत्तरावर ठाण मांडून बसलं होतं. आधीचे नऊ किलो गुमान उतरले होते. पुढचे तीन उतरायला राजी नव्हते, आणि इथेच घोडं पेंड खात होतं. कारण ते उतरल्याशिवाय तिची एक किडनी काढून तिच्या धाकट्या भावाला बसवायला डॉक्टर तयार नव्हते. बाकी सगळं जुळलं होतं, रक्तगटापासून हट्टीपणापर्यंत.

वय बासष्ट. या वयात शरीर एकदा रुसलं की त्याची समजूत काढणं सोपं नसतं. आहार ठरवून देणाऱ्या बाईंना ताई घरी काकडीबाई म्हणायची. काकडीबाईंनी आधी साखर बंद केली, मग तळलेलं, मग रात्रीचं जेवण अर्ध्यावर आणलं. ताई सगळं मुकाट्याने करत होती, सकाळ-संध्याकाळ चालत होती. काटा ढिम्म.

धाकट्याची बेकरी होती. तीस वर्षं भट्टीसमोर काढलेला माणूस, पण आजाराने त्याच्या तोंडाला लोखंडाची चव आली होती. शिवाय मीठ बंद, चॉकलेट बंद, केळ्याचा केक बंद. कारागीर "मस्त झालंय, मालक" यापलीकडे बोलत नसत. म्हणून रोज सकाळी ताई बेकरीत जायची आणि प्रत्येक ट्रेमधलं एकेक चाखून खरं काय ते सांगायची. ती चावत असताना धाकटा तिच्या तोंडाकडे बघत बसायचा. दिवसभरात तेवढाच वेळ तो आजारी दिसत नसे. त्या चेहऱ्यासाठी ताईने भट्टीच्या विटासुद्धा चाखल्या असत्या.

एका बुधवारी ती बेकरीतून तशीच काकडीबाईंकडे गेली. धाकटाही सोबत होता.

"हे काय सांडलंय अंगावर?" बाईंनी विचारलं.

"चुरा. बिस्किटाचा."

"तुम्ही बिस्किटं खाता?"

"छे. चाखते."

काकडीबाईंनी चष्मा काढला. "रोज?"

"रोज. ते काम आहे."

"अहो, पोटाला काय कळतंय, काम कुठलं आणि खाणं कुठलं?"

ताईला हा मुद्दा खरंच कधी सुचला नव्हता. तिचं उभं आयुष्य शाळेच्या ऑफिसात गेलं होतं. तिथे काम ते काम आणि खाणं ते खाणं, दोन्हींच्या मध्ये घंटा.

दोघं बाहेर आले. धाकटा म्हणाला, "म्हणजे माझी किडनी मीच अडवून धरली होती." कुंपणच शेत खात होतं, आणि वर मीठ बरोबर पडलंय का म्हणून विचारत होतं.

"उद्यापासून बेकरीत यायचं नाही," तो म्हणाला.

"मग चव कोण बघणार?"

"कोणी नाही."

"गिऱ्हाईकं तुटतील."

"तुटू देत."

ताईला राग आला आणि वाईटही वाटलं, दोन्ही एकदम. सकाळी तो कोणाच्या तोंडाकडे बघेल, या विचाराने तिला घरात चैन पडेना. पण गेली नाही. तीन आठवड्यांत काटा हलला. गिऱ्हाईकंही हलली. बिस्किटं महिनाभर खारट निघाली, आणि कारागीर म्हणत राहिले, मस्त झालंय, मालक.

शेवटी काटा पंचाहत्तरावर आला आणि डॉक्टरांनी ऑपरेशनची तारीख दिली. त्या संध्याकाळी ताई बेकरीत गेली. धाकट्याने तिला खुर्ची दिली, खायला काही दिलं नाही.

"ताई, तू अजूनही नाही म्हणू शकतेस," तो म्हणाला.

"का म्हणू?"

"तुला काही झालं तर? मला भीती वाटते."

स्वतःच्या दुखण्याबद्दलसुद्धा तो कधी असं बोलला नव्हता. भीती ताईलाही वाटत होती. रोज काट्यावर पाय ठेवताना ती मनात म्हणायची, उतरू दे बाबा. आणि त्याच दमात म्हणायची, नको उतरू. हे तिने कोणाला सांगितलं नव्हतं, आताही सांगितलं नाही.

"वर्षभर उकडलेला कोबी खाल्लाय मी," ती म्हणाली. "आता ही किडनी तुला घ्यावीच लागेल."

धाकटा बराच वेळ काउंटरवरचे पुडे सरळ करत राहिला. ते सरळच होते.

"घेतो," तो म्हणाला.