छातीला टेकवलेला बूट

आमच्या यांचं बूट शिवायचं दुकान आहे. दिवसभर दोरा दातात धरून धरून बोलायची सवयच गेली आहे, निदान माझ्यापुढे तरी. म्हणून छातीत दुखतंय हे मला यांच्याकडून नाही, शेजारच्या चावीवाल्याकडून कळलं. "वहिनी, दादा हातातलं काम टाकून छाती धरून बसतात हो," तो म्हणाला. माझं डोकंच फिरलं.

तशीच दुकानात गेले आणि शटर अर्धं खाली ओढलं. "उठा. दवाखान्यात चला."

"अगं, गॅस असेल."

"तुमच्या दादांनाही गॅसच होता."

बोलायला नको होतं, पण बोलून बसले. मोठे दीर असेच गॅस गॅस म्हणत चोपन्नाव्या वर्षी गेले. यांना यंदा चोपन्न लागलं. वर्षभर घरात त्यावर कुणी चकार शब्द काढला नव्हता. हे हातातला बूट ठेवून उठले.

दवाखान्यात डॉक्टरीणबाई आमच्या मुलीच्या वयाच्या. त्यांनी आधी छातीला तारा लावून कार्डिओग्राम काढला, रक्त घेतलं. दोन्ही ठीक आलं. "तरी थोड्या वेळाने रक्त परत तपासू. पहिल्या खेपेला कधी कधी कळत नाही," त्या म्हणाल्या. झालं, माझा जीव पुन्हा टांगणीला.

"काका, दुखतं कधी?"

"काम करताना."

"आणि जिना चढताना?"

"जिना मी टाळतो."

"का? दम लागतो?"

हे छताकडे बघायला लागले. मग म्हणाले, "गुडघा दुखतो."

गुडघा! एवढी वर्षं एका ताटात जेवतोय आणि मला गुडघ्याचा पत्ता नाही.

डॉक्टरीणबाईंनी काम काय विचारलं, मी बूट शिवतात म्हणून सांगितलं. "तुम्ही बूट कसा शिवता, ते दाखवा बरं." त्यांनी माझी पर्स यांच्या हातात दिली. पूर्वी हे दोन गुडघ्यांत बूट आवळून धरायचे. आता यांनी पर्स छातीच्या मधोमध टेकवली, हनुवटीने दाबली आणि दोन्ही हातांनी नसलेला दोरा असा खेचला की पर्स बरगडीत रुतली. चेहरा कळवळला. बाईंनी पर्स काढून तिथेच दोन बोटं दाबली.

"हेच दुखणं?"

"हेच."

"दिवसभर बूट छातीवर?"

"गुडघ्यात धरवत नाही ना," हे पुटपुटले. "हिला सांगितलं असतं तर हिने दुकान बंद करायला लावलं असतं."

"आणि छाती गेली असती तर दुकान काय आपोआप चाललं असतं?" मी म्हटलं. बाई हसल्या, पण सोडलं नाही त्यांनी. दाबल्यावर दुखतं म्हणून हृदय ठीकच असेल असं धरून चालत नाही, म्हणाल्या. रक्त परत घेतलं, हृदयाची सोनोग्राफीही केली. तेवढा वेळ आम्ही बाकावर एकमेकांशी भांडतही नव्हतो, यावरून काय ते समजा.

शेवटी त्या रिपोर्ट घेऊन आल्या. "हृदयाचं काही दिसत नाही. बरगडी छातीच्या हाडाला जुळते तिथे सूज आहे, गोळ्यांनी उतरेल. बूट धरायला शिकंजा आणा, छाती नको. पण दुखणं हातात किंवा जबड्यात गेलं, घाम फुटला, तर गॅस म्हणत बसायचं नाही. लगेच यायचं."

मी सुटकेचा निःश्वास टाकून चालायला लागले. मागे वळून बघते तर हे बाकावरच. डोळे भरलेले.

"आता काय झालं?"

"अगं, पंचावन्नाव्या वर्षी काय करायचं, याचा मी विचारच केला नव्हता."

मी परत फिरले. शेजारी बसले, आणि सगळ्यांदेखत यांचा हात घट्ट धरला.

"आधी गुडघा दाखवू," मी म्हटलं. "मग निवांत विचार करा."