नाण्याची मागची बाजू

धाकट्या भावाला पलंगावरून उठवत नव्हतं, म्हणून त्याच्या नाण्याचे फोटो काढायचं काम ताईवर आलं. तिनं तीस वर्षं इस्पितळातल्या एक्स-रेच्या खोलीत काढली होती; माणसांना हलू नका म्हणून दटावण्यात जन्म गेला. "हा पेशंट तरी गुमान पडून राहतो," ती म्हणाली. धाकटा बऱ्याच दिवसांनी हसला आणि लगेच त्याला खोकल्याची उबळ आली.

नाण्याच्या आकड्यावर दुसऱ्या नाण्याची उलटी अक्षरं उमटली होती. टांकसाळीत आधीचं नाणं साच्यात अडकून राहिलं तर असं होतं आणि असं नाणं लाखात एखादं, हे त्यानं घरादाराला ऐकवून ऐकवून पाठ करून सोडलं होतं. ते घ्यायला त्यानं आपलं लेथ मशीन विकलं. बायको वर्षभर गप्प राहिली, मग मुलीला घेऊन माहेरी गेली ती गेलीच. पारखून घे म्हणून ताईनं किती विनवण्या केल्या. पण कोणी बदलून घेईल या धास्तीनं त्यानं ते कधी कोणाच्या हाती दिलं नाही. आता डॉक्टरांनी हात टेकले, तेव्हा कुठे त्याला घाई सुटली. नाणं तुझ्यासाठी ठेवलंय, असा मुलीला निरोपही गेला होता. ती रविवारी येणार होती.

ताईनं पाठवलेले पहिले फोटो नाण्यांच्या पारख्यानं परत केले. चकाकीपुढे काही दिसत नाही, दोन्ही बाजू नीट पाठवा, असं त्याचं म्हणणं. मग तिनं पुस्तकांच्या दोन थप्प्यांवर काच ठेवली, काचेखाली नाणं, वर कॅमेरा खाली येईल असा फोन ठेवला आणि खिडकीचा उजेड फक्त एका बाजूनं येईल असा पडदा ओढला. तिरप्या उजेडात नाण्यावरचा ओरखडा न् ओरखडा उठून आला. मागच्या बाजूला, जी नुसती झिजलीय असं धाकटा समजत होता, तिथं बारीक चौकड्यांची जाळी होती.

तिला काही कळलं नाही. तिनं हौसेनं फोन त्याच्यासमोर धरला. त्यानं फोटो बोटांनी मोठा केला आणि बराच वेळ बघत राहिला.

"लोखंड आवळून धरायच्या शिकंज्याचे दात आहेत हे," तो म्हणाला. "टांकसाळीतलं नाही हे. कोणीतरी शिकंज्यात दोन नाणी एकत्र आवळलीत."

"पारख्याला तरी पाठवू?"

"कशाला? माझी हयात शिकंज्यापुढे गेली, ताई." त्यानं फोन तिच्याकडे परत दिला. "इतका स्वच्छ फोटो काढायला नको होतास."

ताई स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडून उभी राहिली.

रविवारी मुलगी आली. बापाच्या उशाशी अर्धा तास बसली. झोपलेत वाटतं, असं दोनदा म्हणाली. धाकट्यानं भिंतीकडे तोंड करून डोळे गच्च मिटले होते. तो जागा आहे हे ताईला दिसत होतं, पण ती बोलली नाही. शेवटची बस चुकेल म्हणून मुलगी उठली. ताईनं तिला फाटकापर्यंत सोडलं.