शब्द देऊन पाजलेला चहा

मित्रांनो, कपाटावर न विकल्या गेलेल्या पुस्तकांमागे एक पितळेचे पोट दिसते ना, तो मी. मी समोवर, चहाचे पाणी उकळणारे जुने भांडे. आता माझ्यात कोणी पाणी भरत नाही. खाली टेबलावर विजेची किटली आली आहे. मला तिचा राग येत नाही. खरे सांगायचे तर मला आता फारसे काही वाटतच नाही.

इराणातल्या बोरुजेर्दच्या एका म्हाताऱ्या तांबटाने मला घडवले. तो प्रत्येक ठोक्याला शिवी हासडायचा, पण त्याच्या हातात कसब होते. खेचराच्या पाठीवरून डोंगर ओलांडून मी इराकच्या कुर्दी मुलखातल्या सुलेमानियाला आलो आणि एका चहाखान्यात उभा राहिलो. "याच्या पाण्याला चव आहे," असे गिऱ्हाइके म्हणत. चव पाण्याचीच होती, पण कौतुक कोणाला नको असते? पुढे चहाखाना बंद पडला आणि मामोस्ता नजात यांनी मला आपल्या कचेरीत आणले. मामोस्ता म्हणजे गुरुजी. ही कचेरी कुर्दी ज्ञानकोशाची होती. दिवसभर शब्दांवरून भांडणे चालत आणि भांडणाऱ्यांना चहा लागे. ते माझे सुखाचे दिवस होते.

एकदा भांडण लांबले. सीमेपलीकडच्या, सीरियातल्या कुर्दी मुलखातल्या पोलिसांची नोंद पुरवणी खंडात घ्यायची होती. त्यांना तिथले लोक आसायिश म्हणतात आणि आमच्या शहरातल्या सुरक्षा दलालाही आसायिशच म्हणतात.

"आपल्यांची नोंद पहिल्या खंडात छापून झालीय, मामोस्ता," मदतनीस संपादक पिश्तिवान म्हणाला. "आता त्यांनाही तेच नाव दिलं तर वाचणाऱ्याचं डोकं फिरेल. संपादन समिती म्हणते, त्यांना 'सशस्त्र गट' या मथळ्याखाली टाका आणि मोकळे व्हा."

"तुझं डोकं फिरलंय तेवढं पुरे," मामोस्ता म्हणाले. "एका गल्लीत दोन आझाद राहतात, तेव्हा एकाचं नाव आपण गुंड ठेवतो का?"

ही गोष्ट कशी कोण जाणे पलीकडून आलेल्या निर्वासितांच्या छावणीपर्यंत गेली. दुसऱ्या आठवड्यात बेसे नावाची एक बाई कचेरीत आली. ती पलीकडच्या कामिश्लोची. तिची मुलगी रेवशेन तिथल्या आसायिशमध्ये होती आणि नाक्यावर गाडीतला बॉम्ब फुटला तेव्हा गेली. बेसेने हे सगळे बाजारभाव सांगावा तसे सांगितले. तिचे डोळे कोरडे होते.

पिश्तिवानने तिच्यापुढे चहा ठेवला. तिने पेल्याला हात लावला नाही.

"मावशी, गार होतोय. आमच्या शहराचं पाणी गोड लागत नाही का?"

"पाणी गोड आहे रे, बाळा. शब्द मिळाला की पिईन."

पिश्तिवानने मामोस्तांकडे पाहिले. आमच्याकडे मागणे घेऊन आलेला माणूस मागणे मान्य होईपर्यंत यजमानाचा चहा पीत नाही. तो न पिताच उठून गेला, तर घराची अब्रू गेली. आणि यजमानाने 'प्या' म्हटले, की मागणे मान्य झाले.

"काय हवंय तुम्हाला?" मामोस्तांनी विचारले.

"तिच्या दंडावरच्या पट्टीवर जे नाव होतं, ते लिहा. ती बायकांच्या पिशव्या तपासायची, शेजारणींची भांडणं सोडवायची, हरवलेली पोरं घरी पोचवायची. आणि तुम्ही तिला गट म्हणणार? माझी पोर पोलीस होती, मामोस्ता."

पिश्तिवानने चहा ओतून दिला आणि माझी तोटी फिरवून नवा आणला. तोही गार झाला. तिसरा पेला मामोस्तांनी स्वतःच्या हाताने तिच्यापुढे सरकवला.

"प्या, ताई."

तिने एका दमात चहा संपवला. मला वाटले, माझ्या पाण्याचे सार्थक झाले.

पण समितीला न विचारता दिलेला शब्द तो. बैठकीत समिती अडून बसली. मामोस्ता एकदा बोलले, दुसऱ्यांदा पुटपुटले आणि मग त्यांनी सही केली. खंड छापून आला. त्यात रेवशेनचे दल 'सशस्त्र गट' या मथळ्याखाली चार ओळींत उरकले होते.

काही महिन्यांनी बेसे पुन्हा आली. मामोस्ता उठून उभे राहिले. पिश्तिवानने मान खाली घालून चहा आणला. पेला टेबलावर टेकायच्या आत तिने हातात घेतला आणि पिऊन टाकला.

"मावशी, काही काम होतं का?" पिश्तिवानने विचारले.

"नाही. इथून चालले होते, तहान लागली."

ती गेली. मामोस्ता तसेच उभे होते. त्या दिवसानंतर त्यांनी माझ्याकडचा चहा घेतला नाही. त्याच महिन्यात किटली आली आणि मला इथे वर ठेवले. माझ्या आतला क्षार तेव्हापासून कोणी खरवडला नाही.

मित्रांनो, माझी निगा राखा, असे मी म्हणणार नाही. पितळ चिंचेने घासले की पुन्हा लखलखते. पण तुमच्या दारी कोणी मागायला आले आणि ते देणे तुमच्या हातात नसेल, तर त्याचा चहा गार होऊ द्या. अब्रू जाईल. जाऊ द्या.