अलार्मचा पहिला नंबर

सडक अर्जुनीत हायवेला लागून लखनलालची राइस मिल आहे, मिललाच लागून घर. धान सुकवायच्या ड्रायरचं कंट्रोल पॅनल त्याच्या धाकट्या भावानं, ओमेश्वरनं, बनवलेलं. पुढे लखनलालच्या पोरीच्या लग्नाची पत्रिका छापली आणि तिच्यात ओमेश्वरचं नाव पार तळाशी, लांबच्या मामांच्याही खाली आलं. लखनलाल म्हणाला, प्रेसवाल्याची चूक. ओमेश्वर म्हणाला, प्रेसवाल्याचं मी काय घोडं मारलं होतं? तेव्हापासून भिंतीला भिंत लागून राहतात, पण बोलणं बंद. नावाच्या जागेवरून माणसं फुगून बसतात, आणि तसं फुगून राहणं किती दमवतं हे कुणाला सांगतही नाहीत.

पॅनल मात्र अधूनमधून रुसायचं. योग असा, की ते रुसलं की लखनलालला नेमकं गोंदियाला काम निघायचं. त्याची मोटरसायकल हायवेला लागली की त्याची बायको चमेली दिराला फोन लावायची. ओमेश्वर मागच्या दारानं यायचा, पॅनल ठीक करायचा, चहा प्यायचा आणि जायचा. दोन घरांत एवढाच धागा उरला होता. चमेली तो जिवापाड जपत होती.

यंदा लखनलालचा गुडघा गेला आणि मोटरसायकल बंद झाली. घरी बसून ड्रायर मोबाइलवर दिसावा म्हणून त्यानं दोन सॉफ्टवेअरवाले बोलावले. नागपूरचा साहेब म्हणाला, जुनं पॅनल काढून टाका, सगळं आमचं नवं बसवू. कुडव्याचा स्वप्निल म्हणाला, पॅनल राहू द्या, आमचं सॉफ्टवेअर त्यालाच जोडता येतं. ड्रायर जास्त तापला की फोनवर अलार्म येईल. फक्त पॅनलचा पासवर्ड लागेल.

"तो बनवणाऱ्यापाशी आहे," लखनलाल म्हणाला. "नागपूरवालाच पक्का करू."

चमेली घाईनं पुढे आली. पॅनल गेलं, तर ओमेश्वरला या घरात बोलवायचं निमित्तच गेलं.

"चांगलं चालून राहिलं ना पॅनल! कायले फेकता?"

"मंग त्याच्या दारात कोण जाते?"

"स्वप्निलभाऊ जाईन ना."

स्वप्निल गेला आणि लगेच परत आला. कामात तो हुशार होता, पण घराघरांतलं राजकारण सॉफ्टवेअरवाल्यांना कुणी शिकवत नाही. अंगणातूनच म्हणाला, "पासवर्ड सांगत नाही म्हणे. खुद येऊन टाकतो म्हणे. नेहमीसारखं, काकाजी गोंदियाले गेले का मंग."

चमेलीनं पदर तोंडाला लावला. आता घरात रामायण होणार, असं तिला वाटलं.

लखनलालनं गुडघ्यावरची शेकायची पिशवी बाजूला ठेवली. "काकाजी आता गोंदियाले जात नाही म्हणा त्याले. गाडीच चालवता येत नाही."

"तुमाले मालूम होतं?" चमेलीनं विचारलं.

"मंग? मशीन बिगडली का नेमका मी गोंदियाले कायले जात होतो? तिथं चाय पिऊन पिऊन पित्त झालं मले."

चमेलीला आधी राग आला. इतकी वर्षं ती स्वतःच्याच घरात चोरासारखं मागचं दार उघडत होती. "मंग एक सबद बोलाचं होतं ना!" ती ओरडली, आणि ओरडता ओरडता रडायला लागली. लखनलाल गुडघा चोळत राहिला.

काय झालं ते स्वप्निलला धड कळलं नाही, पण विषय बदलावा एवढं कळलं. त्यानं मोबाइल काढला. "काकाजी, पॅनल हेच ठेवाचं असन तर अलार्मचे नंबर सांगा. पयला माणूस उचलत नसन तर दुसऱ्याले जाते."

लखनलालनं फोनला हात न लावता एक नंबर घडाघडा सांगितला. तो ओमेश्वरचा होता.

"हा वर टाक," तो म्हणाला. "माहा त्याच्या खाली. आन पासवर्ड टाकाले येईन, तवा त्याले दाखवजो."