रगड्यापुढचं बोलणं

मित्रांनो, तंजावूरच्या एका परसात, नारळाखाली, तोंडावर पालथी बादली घेऊन जो दगड बसला आहे, तो मी. इडली-डोशाचं पीठ वाटायचा रगडा. पाथरवटाने मला घडवलं तेव्हा टाकीचे पुष्कळ घाव सोसले, पण त्यांचं दुःख नाही. त्यांनीच मला कामाचं केलं.

चंद्रमतीबाई या घरी सून म्हणून आल्या आणि माझ्यापुढे बसल्या. एका हाताने गोटा फिरवायचा, दुसऱ्याने पीठ आत सारायचं आणि तोंडाने बोलत राहायचं. घरात मराठी, उंबऱ्याबाहेर तमिळ, ही घराची रीत. ती मराठी भोसल्यांच्या राज्यात इथे आली आणि कावेरीचं पाणी पिऊन इथलीच झाली. पुढे विजेचा ग्राइंडर आला. गरज सरो, वैद्य मरो. माझी रवानगी परसात झाली.

मग चेन्नईहून विनुता आली. बायकांवर ती एक छोटा सिनेमा करत होती. त्यात कोळीण होती, शेतमजूर होती, नर्स होती. प्रत्येकीने आपल्या भाषेत बोलायचं होतं. तिला एक मराठी बाई हवी होती. मला घासूनपुसून आत नेलं. खोटं कशाला बोलू, मी फुशारलो.

सरावात चंद्रमतीबाईंचा खांदा दुखे, म्हणून नात हरिणी गोटा फिरवायला बसू लागली. या पोरीला मराठी सगळं समजे, पण उत्तर तमिळमध्येच. एका संध्याकाळी आजीने विचारलं, दमलीस का? पोर बोलून गेली, "नाही गे आजी, मज जमतें." चंद्रमतीबाईंचा हात पिठातच राहिला. मग पोर लाजू नये म्हणून त्यांनी पीठ पुन्हा आत सारलं. पण त्या दिवसापासून दोघी माझ्यापुढे मराठीत बोलू लागल्या. सिनेमा होवो न होवो, पोर बोलती राहू दे, एवढंच त्या देवाकडे मागत.

चित्रीकरणाच्या दिवशी त्या म्हणाल्या, "मज कोणी विचारलेंच नाही. सासूने बसविलें, मी बसले. रागें दगड फिरवीत असे. माव मात्र सुरेख होई." माव म्हणजे पीठ. विनुताचे डोळे भरून आले.

कॉलेजच्या सभागृहात सिनेमा दाखवला. शोभेसाठी मलाही हार घालून मंचावर ठेवलं होतं. पडद्यावर चंद्रमतीबाईंचे हात होते, मी होतो, पीठ होतं. चेहरा नव्हता. आणि आवाज भलतीचाच, साखरेत घोळलेला: "या फिरत्या दगडाखाली माझी वेदना मुकी झाली आहे." मुकी! बाई तिसऱ्या रांगेत जिवंत बसली होती.

विनुताने मंचावरून सांगितलं, की जाणकारांना ही भाषा मराठी वाटेना, फार तमिळ मिसळलेली वाटली. म्हणून शुद्ध बोलणारीचा आवाज पुण्याहून घेतला. मग तिने बाईंना शाल घातली, वाकून पायाही पडली. ती वाईट नव्हती. तेच मला अधिक लागलं.

दुसऱ्या दिवशी चंद्रमतीबाईंनी भिजलेले तांदूळ-उडीद माझ्यापुढे आणले आणि हाक मारली, "हरिणी, ये गे, गोटा धर."

हरिणी दारातच उभी राहिली. "पाट्टी, आपलं मराठी चुकीचं आहे ना?" तिने तमिळमध्ये विचारलं.

चंद्रमतीबाईंनी तांदूळ-उडदाचं पातेलं माझ्यापुढून बाजूला सारलं. मग म्हणाल्या, "जा, ग्राइंडर लाव." तेही तमिळमध्येच. या घराच्या आत त्यांच्या तोंडून तमिळ मी प्रथमच ऐकलं.

मित्रांनो, मी पुन्हा परसात आलो, पण माझी काळजी करू नका. दगडाला काय होतंय? पण कुणाला बोलतं करायला निघालात, तर तिचं बोलणं तिच्याच तोंडात राहू द्या. ते काढून घेऊन वर शाल घालू नका. आता या घरात दोघीही तमिळच बोलतात. उंबरा मात्र अजून जागच्या जागी आहे.