एका प्रार्थनेची ऊब

"मूठ उघड," मी म्हणालो, पण अ‍ॅडलीन उघडेना.

पायाशी द्रव नायट्रोजनची वाफ लोळत होती आणि तिच्या मुठीत केसाएवढ्या बारीक दोन तारा होत्या. एका बाटलीतून दुसरीत घेताना त्या चिमट्यातून निसटल्या आणि तिनं झेलल्या. आमच्या प्रयोगशाळेत तेच करायचं नसतं. खाली नायट्रोजननं भरलेलं ताट त्यासाठीच ठेवलेलं असतं: पडेल ते पडू द्यायचं. सत्तावीस वर्षं नव्या पोरांना हे तीच दरडावून सांगत आली होती.

आमचं काम म्हणजे धातूला इजा करायची आणि ती थंडीत जपायची. किरणांच्या माऱ्यानं अणू जागचे उडतात, मागे रिकाम्या जागा राहतात. थंडी असेतो सगळं तसंच. ऊब लागली की त्या जागा भटकत सुटतात, बुजतात, आणि धातू बरा होतो. बाहेरून तार दोन्ही वेळा सारखीच चकचकीत दिसते. आतली उलथापालथ फक्त तिच्यातून जाणाऱ्या विजेला कळते. मला आजही याचं नवल वाटतं.

तिनं तारा पुन्हा थंडीत सोडल्या. मी हळूच म्हणालो, "कुणी बघितलं नाही. शुक्रवारी तू निवृत्त होतेयस. कशाला उगाच?"

"गप रे, बर्नी! म्हणे कुणी बघितलं नाही. तारांना कळलंय ना?"

आणि तिनं वहीत लिहिलं: माझ्या हातून गरम झाल्या. अ. शुलिस्ट.

आमच्या प्रयोगाचे प्रमुख डॉक्टर फार्कस ते वाचून स्टुलावर मटकन बसले. एकवीस दिवस मारा केलेल्या तारा, आणि मारा करणारं यंत्र गेल्याच आठवड्यात मोडीत निघालेलं.

"अ‍ॅडलीन, तू? अगं, तू?"

"मीच," ती म्हणाली. तिचे ओठ पांढरे पडले होते. इतक्या वर्षांचं नाव एका क्षणात गेलं, हे आम्हा तिघांनाही दिसत होतं.

तरी मोजून बघितलं. पहिली तार शुद्ध ॲल्युमिनियमची. ती साफ बरी झाली होती, जणू तिला कधी काही झालंच नव्हतं. दुसरीत कथलाचा नुसता अंश होता, हजारात एखादा अणू. तिची तिसरा हिस्सा इजा अजून शाबूत होती.

डॉक्टर उठून उभे राहिले. "कथलानं रिकाम्या जागा धरून ठेवल्यात. उबेतसुद्धा सोडल्या नाहीत!"

हजारात एक! अंगावर सर्रकन काटा आला माझ्या. एवढासा तो अणू, आणि केवढी त्याची पकड.

"पण किती ऊब? किती वेळ?" डॉक्टर कपाळाला हात लावून म्हणाले. "हे आकडे नसतील तर सगळं मातीमोल."

"घड्याळ कोण बघतंय त्या वेळी?" अ‍ॅडलीन म्हणाली. "हात उघडायचा धीरच होईना. मनात एक 'नमो मारिया' प्रार्थना म्हटली आणि मग उघडला."

"मग पुन्हा म्हण."

"इथे?"

"इथेच. तेव्हा म्हटलीस तशीच."

मी तिच्या मुठीत तापमापक दिला. जन्मात चर्चची पायरी न चढलेले डॉक्टर थांबघड्याळ धरून तिच्यासमोर उभे राहिले. तिनं डोळे मिटले आणि आईच्या, पोलंडकडच्या काशुबी बोलीत, पुटपुटत, पहिल्यापासून आमेनपर्यंत म्हटली.

"एकोणीस सेकंद. एकतीस अंश," डॉक्टर म्हणाले. मग ओशाळून, "तीनदा लागेल गं. सरासरी घ्यावी लागते."

दुसऱ्यांदा अठरा. तिसऱ्यांदा निम्म्यात ती रडू आवरत थांबली. मूठ मात्र तशीच घट्ट. डॉक्टरांनी घड्याळ बंद केलं नाही, ना तिला घाई केली. मलाही भरून आलं होतं. मग तिनं राहिलेली प्रार्थना पुरी केली.

"चोवीस," डॉक्टर म्हणाले, आणि वहीत तिच्या नावाखाली तोही आकडा लिहिला.