कोमट वाटी

ती गेल्याला तीन महिने झाले होते, तेव्हा वाटीत पहिल्यांदा पाणी दिसलं.

वाटी परसातल्या भिंतीवरची. निळ्या काठाची, एका बाजूचा टवका उडालेली. बायको तीत पाखरांसाठी वाळवलेल्या अळ्या घालायची. आधी शीळ घालायची, मग वाटीवर नखाने टिचकी. काळ्या डोक्याचं एक पाखरू मान तिरकी करून, पाठीमागे हात बांधल्यासारखं चालत यायचं. त्याला ती मास्तर म्हणायची, आणि त्याच्या जोडीदारणीला मास्तरीणबाई.

"मला कधी एवढ्या प्रेमाने वाढलं नाहीस," मी एकदा म्हणालो.

"तुम्ही कधी जेवायच्या आधी गायलात?"

तिच्यापुढे माझं तोंड कधीच चाललं नाही. मी जन्मभर सुतारकाम केलं. पहाटे घर सोडायचो ते अंधार पडता परत यायचो, म्हणून ती वाटी कशी मांडते ते सुट्टीच्या दिवशी जेवढं दिसेल तेवढंच. अक्षरंही तिनेच शिकवली, तीही माझी साठी उलटल्यावर. "रंधा मारता तसं गिरवा, घाई नको," म्हणायची. मला मोठी अक्षरं लागायची. बारीक आलं की मी तिच्याकडे बघायचो आणि ती वाचून टाकायची.

शेवटच्या आठवड्यात तिने एकच मागितलं. "मास्तरची पिल्लं यंदा उडालेली बघा. मला नाही दिसायची."

मी हो म्हणालो. मास्तरसाठी घरट्याची पेटी मीच केली होती, झाकणाला बिजागरी लावून. पालवी फुटली तशी मास्तरीणबाईने आत चार अंडी घातली आणि थोड्या दिवसांत चार गुलाबी चोची उघडल्या. मी रोज शीळ घालून वाटीत अळ्या ठेवू लागलो. मास्तर चोच भरभरून पेटीत न्यायचा.

आणि एका सकाळी वाटीत पाणी. दोन बोटं खोल, स्वच्छ. दवाचं म्हणावं तर भिंत कोरडीठाक. मी बोट घातलं. पाणी कोमट होतं.

हात झटकन मागे घेतला. मग स्वतःवरच हसलो, पाणी ओतून दिलं, खांद्यावरच्या फडक्याने वाटी लखलखीत पुसली आणि कोरड्या अळ्या घातल्या. लाकूड असो की अळी, ओल लागली की नासलं, हे मला कुणी शिकवायची गरज नव्हती. चाळीस वर्षं मी ओलीशीच भांडलो होतो.

दुसऱ्या दिवशी पुन्हा पाणी. तिसऱ्या दिवशीही. मी रोज ओतायचो, रोज पुसायचो.

पाचव्या दिवशी पेटीचं झाकण उघडलं तर एक पिल्लू मान टाकून पडलेलं.

रविवारी लेक आली. तिला मी वाटीचं सांगितलं. तिने आधी चहा पूर्ण प्यायला, तेव्हाच कळलं की बोलणं मोठं होणार.

"बाबा, तुम्हीच ठेवत असाल पाणी. आणि विसरत असाल."

"मी? मला ओल चालत नाही, हे तुला माहीत नाही?"

"म्हणूनच म्हणते. आईसारखं वागायला लागलात तुम्ही, आणि तुम्हाला ते ठाऊक नाही. माझ्याकडे चला ना."

"पिल्लं उडू देत."

"मग?"

"मग बघू."

"आईलाही प्रत्येक गोष्टीला हेच म्हणायचात, मग बघू," ती म्हणाली, आणि कप विसळायला आत गेली. पाठमोरी असताना तिने डोळे पुसले. मी न पाहिल्यासारखं केलं.

लेक गेली त्याच्या दुसऱ्याच दिवशी सकाळी दुसरं पिल्लू गेलं. उरलेली दोन पिल्लं चोच उघडत होती, पण आवाज फुटत नव्हता. मास्तर अळ्या घेऊन पेटीच्या तोंडाशी बसलेला. भरवत होता आणि ती मरत होती. भिंतीवर वाटी, वाटीत पाणी, तसंच कोमट. त्या दिवशी मला ते ओतवेना.

"अगं, काय सांगतेस?" मी मोठ्याने विचारलं. परसात माझ्याशिवाय कुणी नव्हतं.

मग घरात जाऊन अळ्यांचा डबा खाली काढला. आतला पुडा तिने आणलेला, अर्धा उरलेला. समोरची मोठी अक्षरं मी कितीदा वाचली होती: वाळवलेल्या अळ्या. मागच्या बाजूला मुंगीएवढी अक्षरं होती. त्यातल्या एका ओळीखाली जाड रेघ ओढलेली. रेघ माझ्या सुतारी पेन्सिलीची, पण हात तिचा.

तिचा चष्मा लावला. एकेक अक्षर बोटाखाली धरून वाचत गेलो. उजेड खिडकीतून ओट्यावर सरकला तेव्हा कुठे ओळ पुरी झाली. पिल्लांच्या दिवसांत अळ्या कोमट पाण्यात अर्धा तास भिजवाव्यात. पिल्लांना पाणी अन्नातूनच मिळते.

मी खालीच बसलो. ती रोज पाणी आणून ठेवत होती आणि मी रोज तिच्या देखत ते ओतून वाटी पुसत होतो. तीही चकचकीत.

उठलो. भिंतीवरच्या त्याच पाण्यात अळ्या घातल्या. अर्ध्या तासाने त्या फुगून मऊ झाल्या. शीळ घालायला ओठ जुळेनात, म्हणून नुसती टिचकी मारली. मास्तर आला.

दोन्ही पिल्लं जगली. अकराव्या दिवशी एक भिंतीवर बसलं, दुसरं मोरीत पडलं आणि तिथून उठून उडालं. मी बघितलं. दोघांच्या वाटचं बघितलं.

मात्र मी अळ्या भिजवायला लागलो त्या दिवसापासून वाटी रिकामीच मिळू लागली. दुसऱ्या सकाळी कोरडी. तिसऱ्या सकाळी कोरडी. पिल्लं उडाली, पान गळालं, थंडी सरली. वाटी कोरडीच.

लेकीला अजून "मग बघू" म्हणतोय.

यंदा मास्तरीणबाईने पुन्हा चार अंडी घातली. काल अंड्यांतून पिल्लं बाहेर आली. आज सकाळी मी वाटीत मूठभर अळ्या घातल्या. कोरड्या. टिचकी मारली नाही, दारात जाऊन उभा राहिलो. एकच दिवस, मनाशी म्हणालो. एका दिवसाने काय होतंय? तिला राहवणार नाही. ती येईल.

मास्तर भिंतीवर उतरला. मान तिरकी करून आधी वाटीकडे बघितलं, मग माझ्याकडे. पेटीतून चिवचिव आली, बारीक, सुईसारखी.

मी धावलो. या गुडघ्यांना जमेल तेवढं धावलो. हाताने मास्तरला उडवून लावलं, वाटी घरात आणली, चुलीवर पाणी ठेवलं. ते वाटीत ओतून बोट घातलं.

कोमट होतं. मीच तापवलेलं.